मैदान वाढतें, वाट वाढत नाहीं

एखाद्या क्रीडांगणाची थोरवी सांगावयाची झाली म्हणजे तेथें किती हजार माणसें मावतात हा आकडा प्रथम पुढें करण्यांत येतो. तीं माणसें तेथवर पोंचतात कशीं आणि खेळ संपल्यावर घरीं परततात कशीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. इतिहासाच्या अभ्यासांतहि आमची हीच संवय आहे. पानिपतावर मराठ्यांजवळ किती तोफा होत्या हें विद्यार्थी पाठ करितात. परंतु रसदेच्या वाटा तुटल्या तेव्हांच निम्मी लढाई हरली होती, हें त्यांच्या मनावर ठसवितांना आम्हां शिक्षकांचे प्रयत्न थिटे पडतात. इंग्लंड व स्कॉटलंड येथील फुटबॉलच्या मैदानांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास चाळला असतां हाच धडा पुन्हा समोर येतो. मैदानें वाढत गेलीं. वाटा त्या मानानें वाढल्या नाहींत. आणि या चुकीची किंमत अनेक प्रेक्षकांनीं आपल्या प्राणांनीं भरली.

आरंभ लंडनच्या वायव्येस असलेल्या वेंब्लीपासून करूं. हें स्थळ आगगाडीनेंच नांवारूपास आणलें. मेट्रोपॉलिटन रेल्वेचे अध्यक्ष सर एडवर्ड वॉटकिन यांनीं आपल्या गाड्यांना उतारू मिळावे म्हणून तेथें उद्यान केलें आणि पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याहूनहि उंच मनोरा बांधण्याचा घाट घातला. स्टेशन झालें, मनोरा मात्र पहिल्या टप्प्यावरच अडला आणि १९०७ सालीं पाडून टाकण्यांत आला. पुढें त्याच जागीं ब्रिटिश साम्राज्याच्या प्रदर्शनासाठीं भव्य क्रीडांगण उभें राहिलें, आणि २८ एप्रिल १९२३ रोजीं तेथें एफ. ए. कपचा अंतिम सामना ठरला. मैदान इतकें मोठें कीं येईल त्यास जागा मिळेल, या भरंवशावर बहुतेक तिकिटें दारावरच विकण्याचा बेत होता. प्रदर्शनासाठीं घातलेल्या नव्या फांट्यावरील स्टेशनहि नेमकें त्याच दिवशीं सुरू झालें.

रेल्वेनें आपलें काम चोख बजावलें. किंबहुना जरूरीपेक्षां अधिकच चोख! मैदानाचीं फाटकें बंद करण्याची पाळी आली तरी गाड्या माणसें आणून ओतीतच होत्या. बाहेर राहिलेल्या लोकांनीं भिंती ओलांडिल्या. आंत आलेल्यांची अधिकृत संख्या १,२६,०४७ सांगतात. प्रत्यक्षांत ती दोन लाखांच्या वर गेली असावी असा सर्वसाधारण अंदाज आहे. खेळाच्या हिरवळीवर तिळाएवढीहि जागा उरली नाहीं. जॉर्ज स्कोरी नांवाचा शिपाई आपल्या ‘बिली’ या घोड्यावर बसून इतर पोलिसांसह जमावाला हळूहळू मागें सारीत गेला, तेव्हां पाऊण तास उशिरानें सामना सुरू झाला. घोडा वस्तुतः करड्या रंगाचा. परंतु चित्रपटांत तो पांढराशुभ्र दिसला आणि तो सामना ‘पांढऱ्या घोड्याचा सामना’ म्हणून अजरामर झाला. लोक घोड्याची आठवण ठेवितात. स्टेशनावरून माणसें किती सुटत आहेत आणि फाटकांतून किती आंत जाऊं शकतात याचा मेळ कोणींच घातला नव्हता, हें मात्र विसरतात. पुढील वर्षापासून या सामन्याचीं सर्व तिकिटें आगाऊ विकण्यांत येऊं लागलीं. सरकारनें नेमलेल्या शॉर्ट समितीनें १९२४ सालीं अहवाल दिला. परंतु नवा कायदा न सुचवितां तिनें मैदानांची व्यवस्था खेळाच्या चालकांच्या सुबुद्धीवरच सोंपविली.

वाटेचें महत्त्व आधींच ओळखणारेहि कांहीं होते. आर्सेनल हा संघ थेम्सच्या दक्षिणेस प्लमस्टेड येथें खेळत असे. तेथें जाणें लंडनच्या लोकांना गैरसोयीचें. म्हणून प्रेक्षक थोडे आणि तिजोरी रिकामी. १९१३ सालीं चालकांनीं उत्तरेकडील हायबरी येथें मैदान केलें, त्याचें एक मोठें कारण असें कीं जिलेस्पी रोड हें भुयारी रेल्वेचें स्टेशन तेथें अगदीं दाराशीं होतें. पुढें संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनीं रेल्वेकडे पिच्छा पुरवून १९३२ सालीं त्या स्टेशनाला ‘आर्सेनल’ हेंच नांव देवविलें. ९ मार्च १९३५ रोजीं हायबरीस ७३,२९५ माणसें जमलीं. संघाला स्टेशनापाशीं नेणें हें शहाणपणाचें होतें यांत संशय नाहीं. परंतु मैदान हलवितां येतें तसें स्टेशन रुंदावतां येत नाहीं. २००६ सालीं आर्सेनलनें जवळच साठ हजारांचें नवें क्रीडांगण बांधिलें. त्याच्या निकट असलेलें होलोवे रोड स्टेशन मात्र खोल, आणि वरखालीं जाण्यास लिफ्टच. तें वाढविण्याचा खर्च झेपण्यासारखा नाहीं असें दिसल्यावर तो बेत सोडावा लागला. सामन्याच्या दिवशीं त्या स्टेशनाच्या वापरावर निर्बंध घालण्यांत येतात आणि लोक दूरच्या स्टेशनांपर्यंत चालत जातात.

येथें एक साधी गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. प्रेक्षक येतात ते दोन-तीन तासांत विखरून येतात. जातात मात्र एकाच क्षणीं. शेवटची शिटी वाजली कीं प्रत्येकाला पहिली गाडी हवी असते. म्हणून जी वाट येतांना पुरते ती जातांनाहि पुरेल हें गृहीत धरणें म्हणजे अनर्थाला आमंत्रण होय.

हा अनर्थ ग्लासगो येथील आयब्रॉक्स मैदानावर घडला. तेरा क्रमांकाचा जिना भुयारी रेल्वेच्या स्टेशनाला सर्वांत जवळ, म्हणून गर्दीचा लोट तिकडेच वळे. त्याच जिन्यावर १९६१ सालीं दोघे चेंगरून मेले होते. १९६७ व १९६९ सालीं पुन्हा माणसें जखमी झालीं. जिना फारसा बदलला नाहीं. २ जानेवारी १९७१ रोजीं रेंजर्स व सेल्टिक यांचा सामना संपल्यावर उतरतांना कोणी तरी अडखळलें, मागचा लोंढा थांबला नाहीं, आणि ६६ माणसें मेलीं. पुष्कळ दिवस लोक असें सांगत कीं शेवटच्या क्षणीं झालेला गोल पाहण्यास कांहीं जण उलटे फिरले व त्यामुळें गोंधळ झाला. चौकशींत निष्पन्न झालें तें वेगळेंच: सारे एकाच दिशेनें, घराकडे चालले होते. लॉर्ड व्हीटली यांचा अहवाल १९७२ सालीं आला आणि १९७५ सालीं मैदानांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. शॉर्ट समितीनें ज्यांच्या सुबुद्धीवर विसंबावें असें म्हटलें, त्यांना कायद्यानें बांधून घेण्यास एक्कावन्न वर्षें लागलीं.

आणि तेवढ्यानेंहि भागलें नाहीं. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या बाजूच्या उभ्या प्रेक्षकांचीं दहा हजारांवर तिकिटें विकलीं होतीं, आणि त्यांना आंत घेण्यास एकेक माणूस सोडणारीं फिरतीं फाटकें होतीं अवघीं सात! बाहेर कोंडी झाली, पोलिसांनीं मोठें दार उघडलें, आणि लोंढा समोरच्या बोगद्यांतून आधींच भरलेल्या कुंपणांत शिरला. त्या चेंगराचेंगरीनें ९७ जणांचा बळी घेतला. दोष मात्र प्रेक्षकांच्या माथीं मारण्यांत आला. ते निर्दोष होते असा स्पष्ट निर्णय पंचांनीं दिला तो २०१६ सालीं. तोंवर सत्तावीस वर्षें आप्तांनीं मृत्यूचें दुःख आणि खोट्या आरोपाचा कलंक हीं दोन्हीं ओझीं वाहिलीं.

आमच्या मतें या सर्व इतिहासाचें सार हेंच आहे. गर्दी झाली कीं तिला बेशिस्त म्हणणें सोपें असतें. कारण बेशिस्तीला पैसे पडत नाहींत, जिन्याला पडतात. मुंबईकर वाचकांना हें दूर देशाचें वृत्त वाटूं नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं एल्फिन्स्टन रोड व परळ या स्टेशनांना जोडणाऱ्या पुलाच्या अरुंद जिन्यावर २३ माणसें चेंगरून मेलीं. तेथें ना सामना होता, ना विजयाचा उन्माद. पाऊस होता, आणि लोक आपापल्या कामाला निघाले होते. गिरण्या जाऊन त्या भागांत कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. जिना जुनाच राहिला.

वेंब्लीचें जुनें क्रीडांगण पाडून २००७ सालीं तेथें नव्वद हजार आसनांचें नवें उभें राहिलें. या वेळीं वेंब्ली पार्क स्टेशन आधीं वाढविण्यांत आलें आणि दुसऱ्या एका स्टेशनाकडे जाणारा पादचाऱ्यांचा नवा पूल बांधण्यांत आला. लोकांनीं मतें देऊन त्या पुलाला नांव दिलें ‘पांढऱ्या घोड्याचा पूल’. हें नांव ऐकून आम्हांस समाधान वाटलें. १९२३ सालीं जें काम एका मुक्या जनावराला करावें लागलें, तें वास्तविक एका रुंद पुलाचें काम होतें.