अशोक : एका नावाची कुळकथा

‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपल्याकडे आबालवृद्धांस ठाऊक आहे. नाव आणि नामधारी यांचा मेळ बसेलच असे नाही, असा तिचा इत्यर्थ. तरीही बारशाच्या दिवशी पाळण्यातील बालकाच्या कानात जे नाव सांगावयाचे, त्यात वडीलधाऱ्यांची काहीतरी आशा गुंफलेली असतेच. ‘अशोक’ हे असेच एक घरोघर रुळलेले नाव होय. त्याचा अर्थ विचारला असता शाळेतील मूलही ‘ज्याला शोक नाही तो’ असे उत्तर देईल. हे उत्तर चूक नव्हे. परंतु ते अपुरे आहे.

‘शोक’ हा शब्द ‘शुच्’ या धातूपासून आलेला आहे. तळपणे, जळणे हा त्या धातूचा जुना वैदिक अर्थ. दुःखाने पोळणे हा पुढचा. ‘शुचि’ आणि ‘शोक’ ही एकाच घरची भावंडे आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय ‘अशोक’ या समासाचा विग्रह दोन प्रकारांनी करता येतो : ज्याला शोक नाही तो अशोक, आणि ज्याच्यापासून इतरांस शोक नाही तोही अशोकच.

माणसाच्या आधी हे नाव वृक्षाचे म्हणून प्रसिद्ध होते. वसंतात नारिंगी-तांबड्या फुलांच्या गुच्छांनी लहडणारा हा वृक्ष मदनाच्या पाच बाणांपैकी एक पुरवितो. आणि सुंदर स्त्रीच्या लत्ताप्रहाराने तो फुलतो, या कविसंकेतावर कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’तील एक प्रसंग रचिला आहे. जैनांच्या तीर्थंकरावर त्याची छाया असते, तर कित्येक बौद्ध ग्रंथांच्या मते गौतमाचा जन्म त्याच्याच तळी झाला. शहरांतील बंगल्यांपुढे उभा असणारा उंच, सरळ वृक्ष मात्र हा नव्हे; तो ‘खोटा अशोक’. नवल असे की, शोक हरण करणाऱ्या या वृक्षाखाली शोकाकुल माणसेच अधिक दिसतात. सीतेने बंदिवासाचे दिवस अशोकवनात कंठिले. नलाने टाकलेल्या दमयंतीने रानात अशोकापुढे उभे राहून, नावाप्रमाणे वागून आपणास शोकमुक्त कर, अशी त्याची करुणा भाकिली.

राजाच्या नावाची कथा ‘अशोकावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात येते. चंपानगरीची एक ब्राह्मणकन्या बिंदुसार राजाच्या अंतःपुरात आली. मत्सरग्रस्त राण्यांनी तिला क्षौरकर्मास लाविले. पुढे तिचे भाग्य उजळले, पुत्र झाला, तेव्हा ‘आता मी अशोका झाले’ अशा भावनेने तिने त्याचे नाव अशोक ठेविले. धाकट्याचे नाव वीतशोक, म्हणजे ज्याचा शोक सरला तो. ही दंतकथा असेल. परंतु नाव मुलाचे आणि त्यातील सुटकेचा निःश्वास मातेचा, ही गोष्ट कोणत्याही काळी खरी वाटण्याजोगी आहे.

आश्चर्य पुढेच आहे. या राजाने देशभर शिलालेख कोरविले. परंतु त्यांपैकी बहुतेकांत ‘अशोक’ हे नाव नाही. तेथे तो स्वतःस ‘देवानांप्रिय प्रियदर्शी’ म्हणवितो. कोकणात सोपारे येथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांस सापडलेल्या लेखखंडातही हे नाव येत नाही. पुराणांच्या वंशावळीत एक ‘अशोकवर्धन’ केवळ नावापुरता उरला होता. इ. स. १५० च्या सुमाराच्या रुद्रदामनाच्या जुनागड येथील लेखात मौर्य अशोकाचा उल्लेख आहे. पण ती लिपीही लोक विसरले होते. १८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा ‘पियदसि’ हा सिंहलद्वीपाचा कोणी राजा असावा, असे त्यास प्रथम वाटले. त्याच वर्षी सिलोनमधील अधिकारी जॉर्ज टर्नर याने ‘दीपवंस’ या पाली ग्रंथाच्या आधारे पियदसि म्हणजे चंद्रगुप्ताचा नातू अशोक, हे दाखवून दिले. तथापि खुद्द शिळेची साक्ष १९१५ साली मिळाली. रायचूर जिल्ह्यात मस्की येथे सी. बीडन या सोन्याच्या शोधात हिंडणाऱ्या अभियंत्यास एक लेख आढळला. त्यात ‘देवानंपियस असोकस’ अशी अक्षरे होती. पुढे गुजर्रा, नित्तूर आणि उडेगोळम येथील लेखांनीही हीच साक्ष दिली.

आणि या नावाचा खरा कस लागतो तो तेराव्या शिलालेखात. राज्याभिषेकास आठ वर्षे झाल्यावर राजाने कलिंग जिंकले. दीड लक्ष माणसे धरून नेली, एक लक्ष मारली गेली, आणि त्याच्या कित्येक पट इतर कारणांनी मेली, असे तो स्वतःच सांगतो. त्याबद्दल त्यास झालेल्या भावनेला शाहबाजगढीच्या खरोष्ठी पाठात ‘अनुसोचन’ असा शब्द आहे. हाही त्याच ‘शुच्’ धातूचा! ज्याच्या नावातच शोकाचा अभाव, त्याने शोक शिळेवर कोरविला. मात्र खुद्द कलिंगात, धौली व जौगड येथे, हा लेख त्याने कोरविला नाही. तेथे ‘सर्व मनुष्ये माझी अपत्ये आहेत’ या आशयाचे निराळे लेख लाविले.

विसाव्या शतकात हे नाव मुलांस मोठ्या प्रमाणावर ठेवले जाऊ लागले. इतिहासाच्या पुस्तकांनी राजास घरोघर नेले. कुमुदलाल गांगुली हा तरुण १९३६ साली मुंबईच्या बोलपटांत ‘अशोककुमार’ या नावाने आला आणि रूपेरी पडद्याने नावास नवी गोडी आणिली. २२ जुलै १९४७ रोजी अशोकाचे चक्र राष्ट्रध्वजावर आले. २६ जानेवारी १९५० रोजी सारनाथचे सिंह राजमुद्रा झाले.

मुलास कधीही शोक होऊ नये, ही कोणत्याही मातेची इच्छा. परंतु असे आयुष्य कोणाच्या वाट्यास आले आहे? राजा अशोकाच्याही आले नाही. त्या समासाचा दुसरा विग्रह मात्र माणसाच्या हाती आहे. आपल्यापासून इतरांस शोक न व्हावा, एवढे ज्यास उशिरा का होईना उमगले, त्याच्या ठायी ते नाव शोभले; आणि पाळण्यातील बालकास ते देताना हाच अर्थ मनात धरणे अधिक उचित होय.