श्रेय, श्रेयांक आणि पुरस्कार

राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुरस्काराचा प्रस्ताव म्हणजे एक जाडजूड फाइल असते. तीत अहवाल असतात, वर्तमानपत्रांची कात्रणे असतात, सरपंचांची पत्रे असतात आणि झाडाला पाणी घालणाऱ्या हातांची छायाचित्रे असतात. मराठीचे अध्यापक म्हणून महाविद्यालयात ही फाइल ‘भाषेच्या दृष्टीने’ तपासण्याचे काम बहुधा आमच्याकडे येते. ते करता करता या योजनेचा इतिहास वाचावा लागला, आणि फाइलकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली.

आज सेवेबद्दल तरुणांचा गौरव होतो. ही कल्पना मुळात गौरवाची नव्हतीच, ती सक्तीची होती. १९५९ साली केंद्र सरकारने चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली. ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद करणारे हेच ते देशमुख. शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावीच, अशी शिफारस या समितीने केली. पैसा आणि अंमलबजावणी यांच्या अडचणी पुढे आल्या आणि शिफारस कागदावर राहिली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) समाजसेवा शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर असावी असे सुचवले. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत योजना सुरू केली. तेव्हा स्वयंसेवक होते ४०,००० आणि सहभाग ऐच्छिक होता. ‘नॉट मी बट यू’, म्हणजे ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’, हे ब्रीद. कोणार्कच्या रथाचे चाक हे चिन्ह. चाकाच्या आठ आऱ्या म्हणजे आठ प्रहर.

पहिली चोवीस वर्षे या योजनेत राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार नव्हता, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. १९७२ च्या दुष्काळानंतर ‘दुष्काळाविरुद्ध तरुण’ हे सूत्र घेऊन शिबिरे झाली, ती पुरस्काराविना. आपल्याकडे तर त्याही आधीची परंपरा होती. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत आणि पुढे कलापथकांत वावरलेल्या मुलांना बिल्ला किंवा पदक मिळाल्याचे कोणी सांगत नाही. मिळाली ती माणसे आणि मैत्री. (पु. लं.चे ‘पुढारी पाहिजे’ याच कलापथकासाठी लिहिले गेले, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे लागते.) त्या काळाचे फार गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तिथेही पुढे बसणारे आणि मागे सतरंज्या उचलणारे होतेच.

राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले ते १९९३-९४ मध्ये, योजनेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त. योगायोग असा की, त्याच सप्टेंबरच्या ३० तारखेला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. मदतीला धावलेल्यांत महाविद्यालयांतली मुलेही होती. मातीचे ढिगारे उपसणाऱ्या त्या मुलांपैकी बहुतेकांची नोंद कुठे नाही. नोंद करायला वेळच कुणाला होता?

‘पुरस्कार’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘पुढे करणे, पुढे ठेवणे’ असा आहे. ‘मी नव्हे’ म्हणणाऱ्याला पुढे कसे ठेवायचे, हा पेच शब्दातच आहे. आमच्या अहवालांनी तो व्याकरणाने सोडवला आहे. ‘वृक्षारोपण करण्यात आले’, ‘सर्वेक्षण करण्यात आले’. कर्ता नाहीसा! पाहुण्यांचे नाव मात्र पदव्यांसह शाबूत असते, कारण त्यांचे ‘मार्गदर्शन लाभलेले’ असते. पुरस्काराचा प्रस्ताव लिहिताना हेच वाक्य उलटे करावे लागते, आणि पन्नास मुलांनी खणलेले खड्डे एकाच्या नावावर जमा होतात. २०२०-२१ चे पुरस्कार घ्या: २ विद्यापीठे, १० एकके व त्यांचे कार्यक्रम अधिकारी, आणि देशभरातले ३० स्वयंसेवक. स्वयंसेवकांची एकूण संख्या लाखांत आहे. निवडलेले अपात्र होते असे आम्ही म्हणत नाही. निवड कामाची होते त्याहून अधिक कामाच्या कागदाची होते, एवढेच आमचे म्हणणे.

आता २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर सेवेला ‘श्रेयांक’ही मिळू लागले आहेत. कठोपनिषदाने श्रेय आणि प्रेय वेगळे केले. मराठीत श्रेयाला ‘नावलौकिक’ असा अर्थ कधीतरी चिकटला आणि आता त्याला अंकही जोडला गेला. शब्दाचा हा प्रवास भाषाशास्त्राच्या तासाला शिकवण्याजोगा आहे.

आमच्या हातून झालेली एक चूक इथे नोंदवतो. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी दत्तक गावातल्या निराधार म्हाताऱ्यांचे अर्ज भरून देत असे. उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला, तहसीलची खेप. नियमाप्रमाणे वर्षाला १२० आणि दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. तिचे ते केव्हाच भरले होते. त्यापुढच्या कामाला नोंदवहीत रकाना नव्हता. छायाचित्रे तिने काढली नाहीत. म्हाताऱ्यांना ते आवडत नाही, असे तिचे साधे उत्तर. प्रस्ताव पाठवायची वेळ आली तेव्हा आम्ही अकरा प्रमाणपत्रे असलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याची फाइल पुढे केली. तिची फाइल, आमच्याच शब्दांत, ‘पातळ’ होती.

पुढे ती एकदा विभागात आली. आम्ही अवघडलो, पुरस्काराचा विषय निघेल असे वाटले. तिला निराधार योजनेच्या कोऱ्या अर्जाच्या वीस झेरॉक्स हव्या होत्या.