तिसऱ्या रुग्णाचा नकार

गुदद्वाराचा कॅन्सर हा काही चारचौघांत काढायचा विषय नाही. पण ऑपरेशनविषयीची डॉक्टरांची समजूत बदलणारा एक प्रयोग याच आजारावर झाला.

१९७०च्या आसपास यावरचा मुख्य उपाय म्हणजे ऑपरेशन. लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ साली मलाशयाच्या कॅन्सरसाठी मांडलेलीच पद्धत इथेही वापरत. मलाशय आणि गुदद्वार दोन्ही काढून टाकायचं आणि पोटाला छिद्र करून शौचासाठी पिशवी लावायची. माणूस वाचला तरी पिशवी जन्मभर सोबत. एवढं सोसूनही अनेकांचा कॅन्सर परत यायचा.

डेट्रॉइटच्या वेन स्टेट युनिव्हर्सिटीतले सर्जन नॉर्मन निग्रो यांना हे ऑपरेशन बंद करायचं नव्हतं, ते अधिक यशस्वी करायचं होतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी त्यांनी ३० ग्रे, म्हणजे बेताचंच रेडिएशन दिलं. सोबत केमोची दोन औषधं: ५-फ्लुरोयुरॅसिल आणि मायटोमायसिन कुळातलं एक. रेडिएशन पेशीचा डीएनए तोडतं. ५-फ्लुरोयुरॅसिल नवा डीएनए बनवण्यात खोडा घालतं, त्यामुळे तुटलेलं सांधणं पेशीला जड जातं.

१९७४च्या त्यांच्या अहवालात रुग्ण होते फक्त तीन. दोघांचं ठरल्याप्रमाणे ऑपरेशन झालं. काढलेला भाग तपासला, तर त्यात कॅन्सर उरलाच नव्हता! तिसऱ्याने ऑपरेशनला नकार दिला होता. त्याचीही गाठ नाहीशी झाली होती.

मग त्या दोघांचं ऑपरेशन फुकट गेलं का? त्यांच्यापुरता हा प्रश्न बोचरा आहे. पण तो भाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला नसता, तर आत काही उरलेलं नाही हे कळलं कसं असतं? नुसत्या तिसऱ्याच्या नकारावर कोणी विश्वास ठेवला नसता.

अर्थात, तिघांवरून नियम ठरत नाही. पुढे आणखी रुग्णांत तेच दिसत गेलं. १९९६ साली ५८५ रुग्णांवरच्या ब्रिटिश चाचणीचे निकाल आले: नुसत्या रेडिएशनपेक्षा केमोची जोड दिल्यावर कॅन्सर त्याच जागी उरण्याचं किंवा परतण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. आज बहुतेक रुग्णांना आधी हेच उपचार देतात. मोठं ऑपरेशन कॅन्सर उरला किंवा परतला तरच.

या पद्धतीला निग्रोंचं नाव मिळालं. वैद्यकीय अहवालांत रुग्णांची नावं छापत नाहीत. पण आज पिशवीविना घरी जाणारा प्रत्येक जण त्या तिघांचं थोडं देणं लागतो, नकार देणाऱ्याचं आणि टेबलावर झोपलेल्या दोघांचंही.