पंच्याहत्तर रुपये आणि वीस वर्षे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणापुढे सरकारी नोकरी आणि वकिली हे दोन मार्ग जणू आखून ठेवलेले असत, आणि घरची स्थिती बेताची असली की त्यांवरून ढळणे अधिकच अवघड होई. डेक्कन कॉलेजात शिकत असताना बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांनी मात्र शिक्षणकार्याला वाहून घेण्याचा निश्चय केला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शिक्षकाची नोकरी सोडल्यावर जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, तेव्हा टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी त्यांच्यासोबत होते. आगरकर पुढच्या वर्षी येऊन मिळाले.

ऐन तारुण्यातला निश्चय संसार वाढल्यावर टिकतोच असे नाही. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज निघाले, तेव्हा या निश्चयाला नियमांचे रूप मिळाले. संस्थेच्या ‘आजीव सदस्या’ने, म्हणजे संस्थेत शिकवणाऱ्या आणि तिचा कारभारही पाहणाऱ्या सभासदाने, २० वर्षे सेवा करण्याचे वचन द्यायचे आणि दरमहा ७५ रुपयांच्या आसपास वेतनावर भागवायचे, असा हा करार होता. आजन्म संन्यास त्यात अपेक्षित नव्हता. व्रताला मुदत होती, म्हणूनच ते गृहस्थाला घेता येण्याजोगे होते. या योजनेचे खरे बळ त्यागाच्या भाषेपेक्षा या हिशेबीपणात होते, असे म्हणावे लागते.

तरीही एक प्रश्न मोकळाच राहिला होता: वचन वेळेचे, की साऱ्या शक्तीचे? शिकवण्याचे तास पुरे करून सदस्याने पाठ्यपुस्तके लिहावीत, वृत्तपत्र चालवावे किंवा सार्वजनिक संस्थेचे पद घ्यावे की नाही, यावर मतभेद वाढत गेले. बाहेरची मिळकत आणि बाहेरचे व्याप मूळ तत्त्वाशी विसंगत आहेत, अशी टिळकांची भूमिका होती, तर वेतनवाढ आणि सवड हवी असणाऱ्यांना ती अवाजवी वाटे. त्यात सामाजिक सुधारणेवरून टिळक आणि आगरकर यांच्यात पडलेल्या अंतराची भर पडली, आणि १८८८ मध्ये आगरकरांचे ‘सुधारक’ हे वृत्तपत्र निघाले. सोसायटीचेच आजीव सदस्य असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, हे शेवटचे निमित्त ठरून १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. दारिद्र्यात टिकलेली एकजूट संस्थेला बरे दिवस येताच तुटली, ही गोष्ट या इतिहासात सर्वांत बोलकी आहे.

टिळकांच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागी १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले आणि १९१४ पर्यंत राहिले. टिळकांना खटकलेली मोकळीक कर्व्यांच्या बाबतीत मात्र फलदायी ठरली, कारण फर्ग्युसनमधील अध्यापन सांभाळतच त्यांनी १८९६ मध्ये विधवांच्या आश्रमाची संस्था उभी केली, आणि तेथून बाहेर पडल्यावर १९१६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, महिला विद्यापीठ काढले. केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हेही मोठ्या पगाराच्या वाटा सोडून याच तुटपुंज्या वेतनावर १९०२ मध्ये प्राचार्य झाले. एखाद्या ध्येयाला संस्थेचा आधार मिळाला की ते मूळ मंडळींच्या भांडणातूनही तगते, हे त्यावरून दिसते.

१९०२ मध्येच गोखले सोसायटीतून निवृत्त झाले. जून १९०५ मध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापला, तेव्हा राष्ट्रसेवकांच्या या संस्थेच्या सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी ठेवली, कुटुंबाच्या निर्वाहाची जबाबदारी समाजाने उचलली, आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च न करण्याची शपथ प्रवेशाच्या वेळीच घ्यावी लागेल असा नियम केला; १८९० च्या वादात ज्यांच्यावर बोट ठेवले गेले, त्यांनीच तो लिहिला होता.