वायू नसलेल्या ठिकाणी वायू स्थिरांक काय करतो?

पेटची तयारी करताना आपण सगळेच आर = ८.३१४ पाठ करतो. एकक विचारलं तर 'जूल प्रति मोल प्रति केल्विन' हेही तोंडावर असतं. पण बॅटरीच्या नर्न्स्ट समीकरणात, जिथे वायू असायची गरजच नाही, तिथे हा 'वायू' स्थिरांक कशाला येतो, असं विचारलं की गाडी अडते. याचं उत्तर इतिहासात आहे, आणि ते आपल्या वऱ्हाडातल्या शेतापर्यंत येतं.

१८३४ साली फ्रेंच अभियंता क्लॅपेरॉनने वायूंचे तोवरचे नियम एका समीकरणात बसवले. अडचण अशी होती की हिशेब वजनाने केला तर हायड्रोजनचा स्थिरांक वेगळा आणि ऑक्सिजनचा वेगळा. ॲव्होगॅड्रोने १८११ मध्येच सांगितलं होतं की समान तापमान आणि दाबाला समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. त्याचा आधार घेऊन ग्रॅमऐवजी मोल मोजला की सगळ्या वायूंसाठी एकच आकडा उरतो. १८७४ मध्ये मेंडेलीव्हने समीकरण याच रूपात मांडलं.

इथपर्यंत आर हा वायूंचाच वाटतो. खरं वळण पुढे आहे, आणि ते आणलं एका वनस्पतिशास्त्रज्ञाने.

विल्हेल्म फेफर हा वनस्पतींच्या पेशींत पाणी कसं शिरतं याचा अभ्यास करत होता. मातीच्या सच्छिद्र भांड्यात त्याने असं पातळ पटल तयार केलं, ज्यातून पाणी जाईल पण साखर जाणार नाही. १८७७ मध्ये त्याने आपली मोजमापं प्रसिद्ध केली. १ टक्का साखरेच्या द्रावणाचा परासरण दाब ६.८ अंश सेल्सिअसला ०.६६४ ॲटमॉस्फिअर भरला.

हे आकडे ॲमस्टरडॅममध्ये व्हान्ट हॉफला कळले ते वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्रीज यांच्याकडून. त्याने विचार केला, साखरेचे रेणू जणू वायूचेच आहेत असं धरून दाब काढला तर? हिशेब आला ०.६६५. म्हणजे पाण्यातल्या साखरेलाही तोच आर लागू पडला! १९०१ चं रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल त्याला मिळालं, त्यात या कामाचा वाटा होता.

मिठाच्या द्रावणात मात्र दाब जास्त यायचा. १८८७ मध्ये अऱ्हेनिअसने कारण दिलं: मिठाचे पाण्यात आयन होतात, त्यामुळे कणांची संख्या वाढते. कण कोणता आहे याला महत्त्व नाही, किती आहेत याला आहे.

आता पूर्णेच्या खोऱ्यात या. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा आपल्याला माहीतच आहे. समजा, मुळांजवळच्या पाण्यात लिटरमागे ५.८५ ग्रॅम मीठ आहे, म्हणजे ०.१ मोल. दोन आयन धरले तर घनमीटरमागे २०० मोल कण. तापमान ३०३ केल्विन. २०० × ८.३१४ × ३०३ केलं की सुमारे ५ लाख पास्कल, म्हणजे जवळपास ५ बार. मुळाला हे पाणी ओढायचं तर ५० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब आधी पेलावा लागतो. उन्हाने निम्मं पाणी उडालं की तोच आकडा १० बार होतो. मृदाशास्त्रात पीक कायमचं कोमेजण्याची मर्यादा साधारण १५ बार धरतात. म्हणून जमीन ओली दिसते आणि पीक तरी माना टाकतं. अर्थात खारपाणपट्ट्याचा सगळा प्रश्न यात येत नाही. सोडियममुळे काळी माती फुगते आणि पाणी मुरू देत नाही, ते दुखणं वेगळं.

मग आर आहे तरी काय? दाब गुणिले आकारमान म्हणजे ऊर्जा. तापमान १ केल्विनने बदललं की मोलभर कणांमागे ऊर्जेचा हिशेब किती बदलतो, याचा तो दर आहे. हाच दर एका कणासाठी काढला की बोल्ट्झमन स्थिरांक मिळतो. त्याला ॲव्होगॅड्रो संख्येने गुणा, परत आर. २० मे २०१९ पासून हे दोन्ही आकडे व्याख्येनेच ठरवले आहेत, त्यामुळे आरच्या किमतीत आता अनिश्चितता उरलेली नाही.

तोंडी परीक्षेत कुणी विचारलं तर आधी एकक उलगडून सांगा, बाकीचं उत्तर त्यातूनच निघतं. आणि गावच्या विहिरीच्या पाण्याचा टीडीएस मिळाला तर सगळे क्षार म्हणजे मीठच असं धरून वरचा हिशेब एकदा स्वतः करून बघा.