विल्क्स, ब्रॅडलॉ आणि स्वतंत्र मतदार

इंग्लंडच्या पार्लमेंटाचा इतिहास बहुधा राजे, प्रधान आणि पक्षनायक ह्यांच्या नांवांनीं सांगितला जातो. ज्या सामान्य मतदाराच्या जोरावर ह्यांतील पुष्कळांचें वैभव उभें राहिलें, त्याचा उल्लेख त्यांत क्वचितच येतो. परंतु वाणीस्वातंत्र्याचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे ह्या निनांवी मतदाराला वगळून भागत नाहीं. पक्षाच्या सोयीपेक्षां स्वतःच्या निवडीला अधिक मान देणारा आणि आपण निवडलेल्या माणसास बोलूं दिलेंच पाहिजे असा हट्ट धरणारा हा मतदार दोन प्रसंगीं विशेष ठळकपणें पुढें आला. पहिला प्रसंग लंडनलगतच्या मिडलसेक्स परगण्यांतला. दुसरा, त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं, जोडे शिवणाऱ्या कारागिरांच्या नॉर्दॅम्प्टन शहरांतला.

१६८९ च्या हक्कांच्या सनदेनें, पार्लमेंटांतील भाषणाबद्दल बाहेरच्या कोणत्याही न्यायालयांत जाब विचारतां येणार नाहीं, असें ठरविलें. राजाच्या कोपापासून सभासदाची जीभ सुरक्षित झाली. पण सभागृहालाच एखादा सभासद नकोसा झाला तर त्याचें रक्षण कोणी करावें, ह्या प्रश्नाचें उत्तर त्या सनदेंत नव्हतें. आणि सभागृहाबाहेर छापून लिहिणाऱ्याला तर तिचा आधार मुळींच नव्हता. ह्यापूर्वीं थोडींच वर्षें, १६७९ ते १६८१ च्या दरम्यान, राजाच्या कॅथॉलिक भावास गादीचा वारसा नाकारावा कीं काय ह्या वादांत व्हिग आणि टोरी हीं नांवें रूढ झालीं होतीं. दोन्ही मूळच्या शिव्याच. टोरी हा शब्द आयर्लंडांतील लुटारूंवरून आला, व्हिग हा स्कॉटलंडांतील बंडखोरांवरून. पुढें ह्याच शिव्यांचीं बिरुदें झालीं आणि मोठमोठीं घराणीं तीं अभिमानानें मिरवूं लागलीं.

जॉन विल्क्स हा कांहीं साधुपुरुष नव्हता. त्याचें वर्तन स्वैर, डोक्यावर कर्ज आणि जीभ तिखट. १७६२ सालीं त्यानें ‘नॉर्थ ब्रिटन’ नांवाचें साप्ताहिक काढलें. २३ एप्रिल १७६३ च्या पंचेचाळिसाव्या अंकांत त्यानें, सप्तवार्षिक युद्धानंतरच्या तहाची स्तुति करणाऱ्या राजाच्या भाषणावर कडक टीका केली. राजाचें भाषण म्हणजे प्रधानांचेंच भाषण, असें त्याचें म्हणणें. तर हा राजाचाच अपमान, असें प्रधानांचें म्हणणें. कोणाचेंही नांव न घालतां एक सरसकट हुकूम काढण्यांत आला व त्याखालीं लेखक, छापणारे आणि त्यांचे नोकर मिळून सुमारें पन्नास माणसें धरण्यांत आलीं. विल्क्सला टॉवरच्या तुरुंगांत टाकलें. न्यायमूर्ति प्रॅट ह्यांनीं, तो पार्लमेंटाचा सभासद असल्यामुळें त्याला अशी अटक करतां येत नाहीं, असा निर्णय देऊन त्यास सोडून दिलें. परंतु कॉमन्स सभेनें बहुमतानें तो अंक राजद्रोही ठरविला आणि जानेवारी १७६४ मध्यें त्याला सभेंतून काढून टाकलें. तत्पूर्वींच तो पॅरिसला निघून गेला होता.

चार वर्षांनीं तो परतला आणि मार्च १७६८ मध्यें मिडलसेक्समधून निवडून आला. त्या काळीं परगण्याच्या निवडणुकींत मत देण्याचा हक्क वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असणारासच असे. मतदान उघड होतें. मतदारानें चौथऱ्यापाशीं जाऊन सर्वांदेखत उमेदवाराचें नांव घ्यावयाचें, आणि कारकुनानें तें वहींत लिहावयाचें. जमीनदार, गिऱ्हाईक, सावकार सारे तें ऐकत असत. ‘स्वतंत्र मतदार’ ह्या शब्दाचा तेव्हांचा अर्थ ह्यावरून कळतो. ज्याचें पोट दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नाहीं, तो स्वतंत्र. बाकीच्यांना मत होतें, पण तें उच्चारण्यास धैर्य लागे.

विल्क्सला पूर्वीच्या लेखनाबद्दल बावीस महिन्यांची शिक्षा झाली. तो तुरुंगांत असतांनाच ३ फेब्रुवारी १७६९ रोजीं कॉमन्स सभेनें त्यास पुन्हां बडतर्फ केलें. १६ फेब्रुवारीस मिडलसेक्सच्या मतदारांनीं त्यालाच निवडलें. सभेनें तो निवडून येण्यास अपात्र असल्याचा ठराव केला. १६ मार्चला तो पुन्हां निवडून आला. ती निवडणूकही रद्द झाली. १३ एप्रिलला सरकारच्या बाजूनें कर्नल लुट्रेल उभा राहिला. विल्क्सला १,१४३ मतें पडलीं, लुट्रेलला २९६. दोनच दिवसांनीं सभेनें लुट्रेल निवडून आल्याचें जाहीर केलें.

ह्या एका ठरावानें प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. आतां वाद विल्क्सच्या चारित्र्याचा किंवा त्याच्या लेखाचा राहिला नाहीं. २९६ हा आंकडा १,१४३ पेक्षां मोठा ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद सुरू झाला. ज्यांना विल्क्सची भाषा मुळींच पसंत नव्हती, अशा लोकांनींही राजाकडे अर्ज पाठविले. त्याला बोलूं न देणें म्हणजे आपणांस मुकें करणें होय, हें त्यांनीं ओळखलें. वाणीस्वातंत्र्य हें बोलणाराइतकेंच ऐकणाराचें आणि बोलण्यास पाठविणाराचेंही आहे, ही जाणीव त्या वर्षीं पुस्तकांतून बाहेर पडून रस्त्यावर आली.

ह्याच खळबळींत, १७७० सालीं, एडमंड बर्क ह्यानें तत्कालीन असंतोषाच्या कारणांवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. राजदरबाराच्या छुप्या वशिल्यास आळा घालावयाचा तर एका तत्त्वावर एकमत असलेल्या माणसांनीं एकत्र येऊन उघडपणें काम केलें पाहिजे, आणि अशा संघालाच पक्ष म्हणावें, असें त्याचें प्रतिपादन होतें. तोंवर पक्ष म्हणजे कारस्थान असा जो समज होता, तो ह्यानें बराच ढिला झाला. म्हणजे एकाच रोगावर दोन उपाय निघाले. बर्कनें पक्ष सांगितला. मिडलसेक्सच्या मतदारानें आपलें मत न बदलण्याचा निश्चय दाखविला. दोन्ही उपायांची गरज होती, हें पुढील इतिहासावरून दिसतें.

१७७१ सालीं पार्लमेंटांतील वादविवाद छापणाऱ्या मुद्रकांना धरण्याचा कॉमन्स सभेनें यत्न केला. तेव्हां आल्डरमन झालेला विल्क्स आणि लंडनचे इतर अधिकारी ह्यांनीं मुद्रकांचीच बाजू घेतली. लॉर्ड मेयरला टॉवरमध्यें जावें लागलें, पण त्यानंतर वृत्तांत छापणें सभेला थांबवितां आलें नाहीं. १७७४ मध्यें विल्क्स मिडलसेक्सकडून निवडून येऊन विनाअडथळा सभेंत बसला. आणि ३ मे १७८२ रोजीं, त्याला अपात्र ठरविणारा ठराव कॉमन्सनें आपल्या दप्तरांतून पुसून टाकला. सभा तेरा वर्षांनीं मतदाराच्या मतास आली.

एकोणिसाव्या शतकांत चित्र पालटलें. १८६७ च्या कायद्यानें शहरांतील पुष्कळ कामकरी लोकांना मत मिळालें, १८७२ मध्यें गुप्त मतदान आलें, आणि पक्षांच्या शाखा गांवोगांव पसरल्या. जमीनदाराचा डोळा मतदारावरून दूर झाला. त्याच्या जागीं पक्षाचा हात खांद्यावर आला. अशा काळांत १८८० सालीं नॉर्दॅम्प्टनच्या मतदारांनीं चार्ल्स ब्रॅडलॉ ह्यास निवडून दिलें. तो उघड नास्तिक होता. १८६८ व १८७४ मध्यें अधिकृत लिबरल उमेदवारांविरुद्ध उभा राहून तो पडला होता. ह्या खेपेस लिबरलांशीं समेट झाला म्हणून त्याला यश आलें. पक्षाच्या मदतीवांचून एकट्याचें चालत नाहीं, हें त्याच्याही कथेंतून वगळतां येत नाहीं.

ब्रॅडलॉनें ईश्वराच्या नांवें शपथ घेण्याऐवजीं प्रतिज्ञेवर पुष्टि देण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. तेव्हां तो शपथ घेण्यास तयार झाला, तर नास्तिकाला शपथ घेतां येत नाहीं म्हणून तेंही नाकारलें गेलें. २३ जून १८८० रोजीं त्यानें सभागृह सोडण्याचें नाकारलें व त्याला घड्याळाच्या मनोऱ्यांत एक रात्र कोंडण्यांत आलें. ऑगस्ट १८८१ मध्यें तर त्याला दाराबाहेर फरफटत नेण्यांत आलें. दरम्यान त्याची जागा पुनःपुन्हां रिकामी होत होती आणि नॉर्दॅम्प्टन ती पुनःपुन्हां त्याच्यानेंच भरीत होतें. १८८१, १८८२, १८८४ आणि १८८५ असा चार वेळां त्यानें कौल घेतला व चारही वेळां तोच मिळाला. मताधिक्य कधीं कधीं फार थोडें असे. पण मतदार माघारले नाहींत. त्यांतील अनेकजण धर्मनिष्ठ होते. माणसाची श्रद्धा त्यांनीं तपासली नाहीं. त्याला आपला हक्क आहे, एवढेंच पाहिलें.

पक्षांची वागणूक ह्याहून निराळी होती. कॉन्झर्व्हेटिव्ह ऊर्फ हुजूर पक्षांतील लॉर्ड रॅंडॉल्फ चर्चिल व त्याचे मित्र ह्यांना ग्लॅडस्टनच्या सरकारास पेंचांत पकडण्यास हें आयतें साधन मिळालें. ग्लॅडस्टन स्वतः अत्यंत श्रद्धाळू. तरीही एप्रिल १८८३ मध्यें त्यानें प्रतिज्ञेस मुभा देणाऱ्या विधेयकाच्या बाजूनें आपलें एक थोर भाषण केलें. मतमोजणी झाली तेव्हां विरुद्ध २९२ आणि बाजूनें २८९. विधेयक तीन मतांनीं पडलें, आणि ह्या पराभवास त्याच्या पक्षांतील कांहीं सभासदांचाही हातभार लागला. अखेर जानेवारी १८८६ मध्यें नवे सभापति पील ह्यांनीं, कोणाचीही हरकत न ऐकतां, ब्रॅडलॉला शपथ घेऊं दिली. १८८८ चा शपथांचा कायदा त्याच्याच खटपटीनें झाला. जानेवारी १८९१ मध्यें, तो मृत्युशय्येवर असतांना, त्याच्याविरुद्धचा मूळ ठराव कॉमन्सनें पुसून टाकला. विल्क्सच्या वेळचीच पुनरावृत्ति झाली.

ज्याला स्वतःला बोलूं दिलें नव्हतें, त्यानें पुढें ज्यांना पार्लमेंटांत मतच नव्हतें त्यांच्यासाठीं तोंड उघडलें. हिंदुस्थानचा सभासद असें त्याला म्हणूं लागले. १८८९ च्या डिसेंबरांत राष्ट्रीय सभेचें अधिवेशन मुंबईस भरलें. स्वागताध्यक्ष फिरोजशहा मेहता, अध्यक्ष सर विल्यम वेडरबर्न, आणि पाहुणा ब्रॅडलॉ. कायदेकौन्सिलांच्या सुधारणेचें विधेयक त्यानें पुढील वर्षीं पार्लमेंटांत मांडलें. ३० जानेवारी १८९१ रोजीं तो वारला तेव्हां, लंडनमध्यें शिकत असलेले मोहनदास करमचंद गांधी हेही त्याच्या अंत्यविधीस उपस्थित होते.

ह्या उजळ चित्राला काळी किनारही आहे. लेख राजद्रोही आहे कीं नाहीं हें ज्यूरीनें ठरवावें, असा कायदा इंग्लंडांत १७९२ सालीं झाला. मुंबईंत १८९७ मध्यें ‘केसरी’तील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. तेथेंही नऊ जणांची ज्यूरी होती. पण तींत सहा युरोपियन व तीन हिंदी होते, आणि सहा विरुद्ध तीन अशा मतानें टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. स्वरूप तेंच, पण ज्याच्यावर हुकमत चालवावयाची त्या लोकांचा मतदार मात्र मागें उभा नव्हता. मिडलसेक्सला जो आवाज होता, तो पुण्याला नव्हता.

विसाव्या शतकांत पक्षांची पकड अधिक घट्ट झाली. तरीही १९६९ च्या कायद्यापर्यंत ब्रिटिश मतपत्रिकेवर पक्षाचें नांव छापलें जात नसे. कायद्याच्या दृष्टीनें मतदार माणसालाच निवडीत होता. पक्षाचें नांव आल्यानंतरही जुनी वृत्ति अधूनमधून उसळी घेते. १९९७ मध्यें टॅटन येथें पत्रकार मार्टिन बेल अपक्ष म्हणून निवडून आले. २०२४ मध्यें मजूर पक्षानें उमेदवारी नाकारलेले त्याचे माजी नेते जेरेमी कॉर्बिन इझलिंग्टनमधून अपक्ष म्हणून विजयी झाले. त्यांचीं मतें कोणास पटोत वा न पटोत. आपला प्रतिनिधि कोण हें पक्षाच्या कचेरीनें नव्हे तर आपण ठरवावयाचें, एवढेंच त्या मतदारांनीं सांगितलें.

पक्षावांचून लोकशाहीचा गाडा ओढला जात नाहीं, हें बर्कचें म्हणणें खोटें ठरलेलें नाहीं. परंतु न आवडणाऱ्या माणसास गप्प बसविण्याची पाळी येते तेव्हां पक्ष आपल्या फायद्याचा हिशेब मांडतात, आणि बहुमत तोच हिशेब ठराव म्हणून मंजूर करतें. विल्क्स व ब्रॅडलॉ ह्या दोघांच्याही बाबतींत तो ठराव शेवटीं पुसावा लागला. आणि तो पुसण्यास भाग पाडणारे लोक ज्यांचीं नांवें कोणत्याही चौकांतील पुतळ्याखालीं कोरलेलीं नाहींत, असे चाळीस शिलिंगांचे जमीनधारक आणि नॉर्दॅम्प्टनचे चांभार होते.