अर्ज कोणाच्या नावे? : पुलगाव-आर्वी रेल्वेचा धडा

पुलगाव हे नाव पुलावरून पडले. १८६०च्या दशकात भुसावळ-नागपूर लोहमार्ग वर्धा नदी ओलांडून पुढे गेला आणि पुलाजवळ गाव वाढू लागले. नदीपलीकडे वऱ्हाड, अलीकडे मध्य प्रांत. दोन्हीकडच्या कपाशीला मुंबईची वाट येथून मिळाली. पुढे गावात कापडगिरणीही उभी राहिली.

आर्वीचा कापूस मात्र बैलगाडीनेच पुलगावला येई. १९१७ साली पुलगाव-आर्वी हा सुमारे ३५ किलोमीटरचा, अडीच फुटी रुळांचा मार्ग सुरू झाला. मालकी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. तिचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीकडे होता. गाड्या चालवण्याचे काम जी.आय.पी. रेल्वेकडे. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारे मार्गही याच कंपनीचे. लोकांनी या छोट्या गाडीला ‘शकुंतला’ म्हटले.

गाडी आली ती कापसासाठी, पण तीत माणसेही बसू लागली. सोरटा, विरूळ, रोहणा या पट्ट्यातील लोकांना बाजार, कचेरी, दवाखाना, शाळा यांसाठी तीच सोय होती. पुलगावला मात्र गाडी बदलावी लागे. मोठ्या मार्गाचे रूळ वेगळ्या मापाचे असल्याने कापसाच्या गाठीही तेथे उतरवून पुन्हा चढवाव्या लागत.

या मार्गाच्या कारभारात एक तिढा होता. मालक एक, चालवणारा दुसरा आणि करार करणारे सरकार तिसरे. १९२५ साली जी.आय.पी.चे व्यवस्थापन सरकारने घेतले, १९५१ साली मध्य रेल्वे झाली. कंपनीची मालकी मात्र टिकली. डबे वाढवा, रूळ बदला, वेळ सोयीची करा, अशी मागणी करायची तर ती कोणाकडे? गाडी चालवणाऱ्याने परक्याच्या रुळांवर खर्च का करावा? आणि उत्पन्नातला वाटा मिळत असताना कंपनीने नवे भांडवल का घालावे? माझ्या मते, छोट्या मार्गांच्या ऱ्हासाला मोटारींच्या स्पर्धेइतकीच ही विभागलेली जबाबदारी कारणीभूत आहे. निवेदन देणाऱ्याला प्रत्येक दारातून पुढचे दार दाखवता येत होते.

एसटीची तुलना येथे उपयोगी पडते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावर येथील सरकारी बससेवाही त्याच व्यवस्थेत आली. पुलगाव आणि आर्वी दोन्हीकडे आगार झाले. गाडी आली नाही तर विद्यार्थी आगारप्रमुखाला गाठू शकतात. ग्रामपंचायतीचा ठराव त्याच्या टेबलावर ठेवता येतो. सेवा उत्तम असते असे नाही. २०२१-२२च्या दीर्घ संपात एका व्यवस्थेवर अवलंबून असलेल्या खेड्यांचे काय होते, ते आपण पाहिलेच. पण तक्रारीला पत्ता आहे, आणि तेथे रोज जाऊन बसता येते.

आज पुलगाव-आर्वी मार्गावर गाडी धावत नाही. तो ब्रॉडगेज करून आर्वीमार्गे आमल्यापर्यंत न्यावा, ही जुनी मागणी निवेदनांतून वारंवार पुढे येते. अचलपूर भागात शकुंतला वाचवण्यासाठी सत्याग्रह झाले. शेजारच्या वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाला २००८-०९मध्ये मंजुरी मिळाली आणि वर्धा-कळंब टप्प्यावर गाडी धावली ती २८ फेब्रुवारी २०२४ रोजी. म्हणजे काम सरकारचे असले तरी पंधरा वर्षे जातात. तरीही कोणत्या अंदाजपत्रकात किती तरतूद झाली, भूसंपादन कुठे अडले, हे तेथे विचारता येत होते.

म्हणून आर्वी मार्गाच्या मागणीत ‘रेल्वे द्या’ एवढेच पुरेसे नाही. जुन्या जमिनीची आणि रुळांची आजची मालकी कोणाची, खर्च कोण करणार आणि गाडी कोण चालवणार, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे आधी मागायला हवीत. रोज पुलगावला येणाऱ्या विद्यार्थ्यांची, रुग्णांची, मजुरांची गावनिहाय मोजणी त्या अर्जाला जोडावी. १९१७च्या मार्गामागे कापसाच्या गाठींचा हिशेब होता. प्रवाशांचा हिशेब आता गावांनीच मांडायचा आहे.